तोरणमाळची पायी फेरी

आमच्याकडे बऱ्या घरचा धडधाकट माणूस हमरस्त्याने पायी चालताना दिसला, की लोक त्याला तीनपैकी एका खात्यात टाकतात. याची गाडी चुकली, हा नवसाचा, नाहीतर हा घरात भांडून निघाला. चौथं खातं नाही. 'मला चालायचंय म्हणून चालतोय' असं कुणी म्हणालाच, तर लोक आधी त्याच्याकडे दयेने बघतात आणि मग त्याच्या मुलाला फोन लावतात. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या थंडीत मी शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्याहून तोरणमाळला पायी गेलो आणि वाटेत तिन्ही खात्यांत जाऊन आलो.

मी चौतीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली निम्मी तरी शहादा-तोरणमाळ गाडीवर गेली. इतक्या फेऱ्या करूनही तो रस्ता मी कधी पाहिला नव्हता, कारण कंडक्टर बाहेर बघत नाही, तो डोकी बघतो. माणूस चढला की 'कुठे जायचं?' विचारायचं, तिकीट द्यायचं, दोरी ओढायची. एक घंटी म्हणजे थांब, डबल घंटी म्हणजे चल. दिवसातून शेकडो माणसांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकलं की पुढच्याकडे वळायचं. त्याने स्वभाव बनतो. भाच्याच्या लग्नात पंगतीला गर्दी झाली, तेव्हा मी मोठ्याने 'पुढे सरका, मागे जागा आहे' म्हणालो होतो आणि अर्धी पंगत खरंच सरकली होती.

स्टॉपच्या बाबतीत मी फार कडक. स्टॉप सोडून वीस पावलांवर कुणी हात केला तरी माझी डबल घंटी. मागून पळत येणाऱ्यालाही डबल घंटी. डेपोत माझ्या पाठीमागे मला 'टणटण आप्पा' म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

रिटायर झाल्यावर तीन वर्षं बरी गेली. मग एके दिवशी दूध डेअरीच्या पायरीवरून मी घसरलो. चालत्या गाडीतून उतरण्यात उभी हयात गेलेला माणूस, आणि पडलो कुठून, तर जागच्या जागी उभ्या असलेल्या पायरीवरून. आठ दिवस गुडघा दुधी भोपळ्याएवढा होता. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, त्याने गुडघा पाहिला आणि जाहीर केलं, "पप्पा, आता तुम्ही दोघं इथे एकटे राहू नका. पुण्याला चला. सहाव्या मजल्यावर सगळं आहे."

सहाव्या मजल्यावर सगळं आहे हे मला माहीत होतं. मी एकदा आठ दिवस राहून आलो होतो. तिथे खाली उतरून परत वर जाताना वॉचमन रोज मला विचारायचा, "कोणाकडे जायचं?" आठव्या दिवशीही विचारलं. इकडे शहाद्याच्या स्टँडवर मी नुसता खाकरलो तरी चार माणसं चहा मागवतात. सरळच सांगतो, मला पुण्याची भीती वाटत होती. मेल्यावर माणसं ओळखेनाशी होतात ते ठीक आहे, जिवंतपणी कशाला?

पण भीती वाटते असं मुलाला सांगणार कोण? म्हणून मी चिडलो. तो म्हणाला, "तुम्हाला डेअरीपर्यंत धड चालता येत नाही." मी म्हणालो, "डेअरीचं काय सांगतोस, तोरणमाळपर्यंत चालत जाऊन दाखवतो!"

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. पण मुलगा माझाच. तो म्हणाला, "ठीक आहे. सगळा रस्ता पायी गेलात तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पण एक पाऊल जरी कुठल्या गाडीत ठेवलंत, तर बॅगा भरायच्या. आणि बघायला मी कुणाला पाठवणार नाही. तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे."

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्याने पळवाटच बंद झाली.

आमची ही त्या वेळी शेजारीच बसून लसूण सोलत होती. ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या मनात काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिला पुण्याला जायचं होतं. रोज संध्याकाळी नातीशी व्हिडिओवर बोलायची, तिकडच्या सोसायटीच्या बागेचं कौतुक करायची. महिन्यापूर्वी तिने जुन्या साड्या काढून वाटून टाकल्या होत्या. मनाने बॅग भरून बसलेलीच. म्हणजे सामना असा लागला होता: एका बाजूला मी आणि माझे दोन गुडघे, दुसऱ्या बाजूला अख्खं घर.

दीड महिना मी तयारी केली. रोज पहाटे गोमाई नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. म्हणजे जायचो पायी, येताना कुणीतरी आणून सोडायचं. आमच्या भागात चालणाऱ्याला 'बठा', म्हणजे बसा, न म्हणता पुढे जाणं हा गुन्हा आहे आणि बसायला नाही म्हणणं हा त्याहून मोठा. पहिल्या आठवड्यात मी तेरा मोटारसायकली आणि एका दुधाच्या टेम्पोला नाही म्हणालो. दुधाच्या टेम्पोवाल्याने मग आमच्याकडे दूध घालणंच बंद केलं.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला मी तयार झालो. मुलाने पाठवलेले पांढरे बूट, डोक्याला थंडीसाठी पांढरं उपरणं, हातात काठी, आणि खांद्याला माझी जुनी कंडक्टरची चामडी बॅग. नवी पिशवी घेऊन बघितली होती, पण खांद्याला पटेना. हिने बॅगेत कळण्याची भाकरी, ठेचा आणि बामची बाटली टाकली. दारात उभी राहून म्हणाली, "थकी जाशात ते फोन करज्यात."

तिची ही सोय मला ओळखू आली. फोन केला की गाडी येणार, गाडी आली की पुणं. मी निघालो.

दोनशे पावलं झाली असतील. मागून मोटारसायकल आली. आमच्याच गल्लीतला केळीवाला शेतकरी.

"आप्पा, बठा. गाडी चुकनी का?"

"नही. पायी जाई ऱ्हायनू."

"कथा?"

"तोरणमाळ."

त्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरमा काही व्हयनं का?"

म्हणजे मी पहिल्या खात्यातून थेट तिसऱ्यात. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "व्हस आप्पा, संसारमा व्हस," आणि गेला. अर्ध्या तासात पुण्याहून फोन आला. "पप्पा, आईशी भांडलात का?" दुपारपर्यंत भाऊबंदांचे, व्याह्यांचे आणि डेपोतल्या एका क्लार्कचे फोन आले. क्लार्क म्हणाला, पेन्शनची काही अडचण असेल तर कागद घेऊन या, असं टोकाला जाऊ नका.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने तर हद्द केली. "आप्पा, मांगे ऊसवर बठा, गादीसारखं शे," असा त्याचा आग्रह. नाही म्हणालो, तर तो ट्रॅक्टर माझ्याच चालीने चालवायला लागला. त्याच्या मागे दोन बस, एक रुग्णवाहिका आणि नवरदेवाची गाडी अडकली. सगळे हॉर्न वाजवायला लागले आणि सगळ्यांनी राग धरला तो माझ्यावर. नवरदेव खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाबा, बठी जा ना ऊसवर, मन्हं लगन शे!" मी रस्ता सोडून पपईच्या शेतात शिरलो, तेव्हा कुठे त्याचं लग्न लागलं.

पुढे एक जुना शाळासोबती भेटला. माझ्याच वयाचा, स्कूटीवर. "आमनी गाडीवर बठाले लाज वाटस का?" असं म्हणून तो आधी रुसला. मग मला सोबत म्हणून दोन्ही पाय जमिनीला घासत स्कूटी शेजारून चालवायला लागला आणि एक किलोमीटरभर त्याने मला आपल्या ऑपरेशनची हकीकत टाक्यांसकट सांगितली. शेवटी त्यालाही स्फुरण चढलं. "मी बी चालस तुन्हासंगे," म्हणून त्याने स्कूटी झाडाखाली लावली. शंभर पावलं आला. मग म्हणाला, "गाडीले किल्ली तशीच ऱ्हायनी वाटस," आणि परत गेला. तो अजून किल्ली काढतोय.

नवसाचं खातं राहिलं होतं, ते दुपारी उघडलं. रस्त्याकडेच्या एका मळ्यातून एक बाई हात जोडून धावत आली. "नर्मदे हर, महाराज!" आमच्या भागातून नर्मदेची परिक्रमा करणारे लोक जातात. पांढरं फडकं, काठी आणि झोळी दिसली, की त्यांना जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही ही इथली रीत. मी तोंड उघडायच्या आत माझे बूट निघाले होते आणि पाय तांब्याच्या घंगाळात होते.

मी म्हणालो, "माय, मी महाराज नही. मी कंडक्टर शे."

ती म्हणाली, "आधी जो व्हतात तो व्हतात. आते तुम्ही महाराज."

तिच्या श्रद्धेपुढे माझं काही चालेना. खरं म्हणजे डाळ-बट्टीच्या वासापुढे चालेना. चार बट्ट्या खाल्ल्या, तुपात बुडवून. मग ती लेकीला पुढे घेऊन आली, स्थळ जमत नव्हतं, आशीर्वाद द्या म्हणाली. मला आशीर्वादाची सवय कुठली? हात वर केला आणि चौतीस वर्षांचं जे तोंडात बसलेलं तेच निघालं. "थोडं थांबा. पुढे जागा होईल." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे दोन महिन्यांनी ते लग्न जमलं असं कळलं, आणि तेव्हापासून मी तो रस्ता टाळतो.

रात्रीचा मुक्काम म्हसावदला हिच्या भावाकडे होता. हा माझा मेहुणा म्हणजे गाडीचा भारी शौकीन. मी शेजारच्या गल्लीत जायचं म्हटलं तरी तो किल्ली फिरवत येणारा. त्याने भरीत केलं होतं, पाय चेपायला माणूस बोलावला होता, सगळं केलं. पण सकाळी मी निघालो, तेव्हा तो अंगणात गाडी पुसत उभा होता आणि 'बठा' म्हणाला नाही. मी बूट बांधायला मुद्दाम वेळ लावला. तरी नाही. मी बसणार नव्हतोच, पण विचारायला काय जातं? मला थोडा अपमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी विशेष काही घडलं नाही, फक्त माझा डावा गुडघा बोलायला लागला. राणीपूरच्या अलीकडे काळीपिवळी जीप थांबली. आत चौदा, टपावर सहा. जीपवाला म्हणाला, "बठा आप्पा, जागा शे." हयातभर मी ज्या जीपवाल्यांना शिव्या दिल्या, त्यांच्याकडेही मला द्यायला जागा होती. माझ्या गाडीत बावीस सीट रिकाम्या असतानाही मी स्टॉप बघायचो. हा विचार आला तसा मी झटकला, कारण गुडघ्याला एकाच वेळी दोन भार पेलत नाहीत. राणीपूरला आमच्या गाड्यांना वर्षानुवर्षं चहा देणाऱ्या टपरीवाल्याच्या ओटीवर झोपलो.

तिसऱ्या दिवशी घाट.

बसमधून घाट म्हणजे काय? सात वळणं, ड्रायव्हर गिअर बदलतो, दोन-तीन माणसं ओकतात, आलं तोरणमाळ. पायी चालताना कळलं, की ही वळणं कुणीतरी मधल्या मधे लांबवून ठेवलेली आहेत. पहिल्या वळणावर मी जाकीट काढलं, दुसऱ्यावर बाम लावला. तिसऱ्यावर मी मुलाला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

तिथे मला एक पाड्यावरची म्हातारी मागे टाकून गेली. डोक्यावर सरपणाचा भारा, पायात काही नाही. थोड्या वेळाने ती रिकामी खाली आली. मी एका वळणाने पुढे सरकलो असेन, तोच पुन्हा भारा घेऊन माझ्या शेजारून वर. तिसऱ्या वेळी ती थांबली. डोंगरातली माणसं कुणालाही अहो-जाहो करत नाहीत, ते मला चांगलं माहीत होतं.

"कुठे चालला तू?" तिने तिच्या बाजाराच्या मराठीत विचारलं.

"तोरणमाळ."

"काम आहे?"

"नाही."

"मग?"

मी पुणं, सहावा मजला, पैज, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दिवसातून तीन वेळा भारा घेऊन घाट चढणाऱ्या बाईला, मी चालून काय सिद्ध करतोय हे कसं सांगणार? तिने माझी चामडी बॅग निरखून पाहिली आणि एकदम हसली. "तू तो घंटीवाला. गाडीतला." मग भारा उतरवून समोरच्या दगडावर टेकत म्हणाली, "सावलीत बस जरा. तोंड काळं पडलं तुझं."

मी बसलो. आणि बसलो तो उठता येईना. डावा गुडघा पूर्ण बंद पडला. वर अजून चारेक किलोमीटर, खाली तेवढंच, आणि दोन दिवस ज्यांच्यापासून पळालो त्या मोटारसायकलींपैकी एकही नाही. मला रडू यायला लागलं. थट्टा नाही करत, खरंच आलं. मला सहावा मजला दिसायला लागला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला मी, आणि खाली कुणाचंच नाव माहीत नसलेली माणसं.

तेवढ्यात खालून आवाज आला. दुसऱ्या गिअरवर कण्हत चढणारी लाल गाडी. दुपारची तोरणमाळ. तो आवाज मी झोपेत ओळखीन.

आता मी काय केलं ते सांगतो. मी मनाशी म्हणालो, माणसाने व्यवहार पाहावा. मुलगा बघायला आलेला नाही. दोन वळणं बसावं, वरच्या स्टॉपच्या अलीकडे उतरावं आणि उरलेलं चालत जावं. मी खोटं बोलत नाही असं मुलगा म्हणाला होता, पण न विचारता न सांगणं हे काही खोटं नव्हे. असा सगळा विचार माझ्या डोक्यात गाडी वळण घेईपर्यंत पूर्ण झाला. काठीवर जोर देऊन उठलो आणि हात केला. स्टॉप नव्हता तिथे. ते मला इतर कुणाहूनही जास्त माहीत होतं.

ड्रायव्हर माझ्याच वेळचा, माझ्याबरोबर शेकडो फेऱ्या केलेला. त्याने मला ओळखलं. गाडी मंद झाली. मी बॅग पोटाशी धरली, एक पाय पुढे टाकला.

आणि आतून डबल घंटी वाजली.

टण. मग जरा थांबून, टण. कंडक्टरची घंटी अशी नसते, आम्ही दोन्ही ठोके एका दमात देतो. ही कुणीतरी देवळात वाजवल्यासारखी, सावकाश आणि ठामपणे दिलेली होती. ड्रायव्हरने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, आणि गाडी माझ्या नाकासमोरून गेली.

मी ओरडलो. शिव्या दिल्या, अहिराणीत, मराठीत आणि उरलेल्या गुजरातीत. मी कोण आहे हे त्या गाडीला सांगितलं. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा दाखला दिला. गाडी वळणाआड गेली आणि धूळ खाली बसली, तेव्हा ती म्हातारी समोर दगडावर बसून पोट धरून हसत होती.

"आम्हाला पण तू असंच करायचा," ती म्हणाली. रागाने नाही. डोळे पुसत.

मी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चाल आता, चाल," आणि उठून भारा डोक्यावर घेतला.

उरलेले चार किलोमीटर मी नुसत्या रागावर चढलो. राग गुडघ्याला इतका चांगला असतो हे कुठल्याही डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं. त्या कंडक्टरची तक्रार मी प्रत्येक वळणावर मनात लिहून काढत होतो आणि पुढच्या वळणावर आणखी कडक करत होतो. सातव्या वळणापर्यंत मी त्याला नोकरीतून काढून टाकलं होतं.

तोरणमाळच्या तलावाशी पोहोचलो, तेव्हा उन्हं कलली होती. गाडी तिथेच उभी होती. पुढच्या चाकाशी ड्रायव्हर खाली मान घालून विडी ओढत होता. शेजारी कंडक्टर उभी होती, माझ्या लेकीच्या वयाची पोरगी, आणि तीही माझ्याकडे बघेना. आणि तलावाच्या कठड्यावर, पदर खोचून, डबा उघडून आमची ही बसली होती.

मी काठी आपटत गेलो. आधी कंडक्टरकडेच गेलो. "डबल घंटी कोनी दिधी?"

पोरीने हिच्याकडे बोट दाखवलं. "काकूनी दोरी वढी लिधी, आप्पा. मी नको म्हने."

मी हिच्याकडे वळलो. "तू दिधी?"

"हां."

"काब्र?"

"तुम्ही हात कया म्हनीसन."

"मन्हा गुडघा गया व्हता तठे!"

"माले दिखना," ती म्हणाली आणि भाकरीवर ठेचा वाढायला लागली. "खिडकीमातून समदं दिखनं. मन्हा जीव खाले-वर व्हई ऱ्हायना व्हता. पन गाडी थांबती ते तुम्ही बठतात. तुम्ही बठतात ते पुनाले जानं पडतं." मग तिने वर बघितलं. "माले पुनाले जानं नही."

मी उभाच. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, पण तिने ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, ड्रायव्हर आणि कंडक्टरलाही ऐकू जाईल असं. त्या लिफ्टमध्ये तिचा जीव गुदमरतो. बागेचं कौतुक ती नातीला बरं वाटावं म्हणून करायची. साड्या वाटल्या, कारण त्या जुन्या झाल्या होत्या. भावाला मी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून तिने बजावलं होतं, की खाऊ घाला, पाय चेपा, पण त्यांना गाडीवर बसवलंत तर माझ्याशी गाठ आहे. आणि आज सकाळी तिला घरी राहवेना, म्हणून डबा बांधून ती दुपारच्या गाडीत बसली होती.

"मंग दिवाईले बोलनी काब्र नही?" मी विचारलं.

"तुम्ही इचारं का?" ती म्हणाली.

मी कठड्यावर बसलो. तिने भाकरी दिली ती खाल्ली. चौतीस वर्षं मी अख्ख्या तालुक्याला 'कुठे जायचं?' विचारत हिंडलो आणि घरी आलो की झोपलो. मला लाज वाटली, आणि ती ठेच्यापेक्षा जास्त लागली. तिने माझा बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि बाम चोळायला लागली. हात रागाचा होता. बरं वाटलं.

मग मी मुलाला फोन लावला. "पोचलो," म्हणालो. "पायी. पण घाटात मी गाडीला हात केला होता."

"मग?"

"तुझ्या आईने थांबू दिली नाही."

तो इतका हसला, की हिला फोन कानाला न लावता ऐकू गेलं. हसून झाल्यावर म्हणाला, "पाऊल ठेवलं नाही ना? मग झालं. नाही काढणार नाव." मग म्हणाला, "आईला दे." ते काय बोलले ते मला माहीत नाही. ही नुसतं "हां, हां" म्हणत होती आणि पदराने नाक पुसत होती.

परतीची फेरी त्याच गाडीने होती. आता बसायला हरकत नव्हती. ड्रायव्हरने पुढची सीट पुसून दिली. घाट उतरताना ती म्हातारी हात करताना दिसली, आणि मी कंडक्टरकडे वळायच्या आत गाडी थांबलेली होती. म्हातारी चढली, मला बघून पुन्हा हसली आणि मागे जाऊन बसली.

मग कंडक्टर पोरगी मशीन घेऊन आमच्या सीटपाशी आली.

"आप्पा, कोठे जानं?"

सवयीने माझं तोंड उघडलं. मग मिटलं. मी हिच्याकडे बोट केलं. "तिले इचार."

हिने माझ्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. घाई अजिबात केली नाही. मागे चार माणसं तिकिटासाठी खोळंबली होती, तरी नाही.

"लोनखेडा," ती म्हणाली. "दोन."